खोल्यांना भूल देणाऱ्या डॉक्टरकाकू

डॉक्टरकाकूंच्या घरात शिरल्यावर कोट काढायचा नसे. दार उघडल्या उघडल्या त्या पहिलं वाक्य तेच म्हणायच्या, "कोट राहू दे अंगावर. अजून तू भूल दिलेल्या भागात आहेस." मग बैठकीची खोली आणि पाहुण्यांसाठीचं लांबलचक टेबल मांडलेली खोली अशा दोन गारढोण खोल्या ओलांडून आपण स्वयंपाकघराच्या दाराशी आलो की त्या वळून म्हणायच्या, "हं, आता काढ. इथला पेशंट जागा आहे."

अमेरिकेतल्या हर्नडनमधलं ते घर पाच बेडरूमचं. तळघरात एक फर्नेस, म्हणजे हवा तापवायची भट्टी, आणि तिथून गरम हवा पत्र्याच्या डक्टमधून भिंतीभिंतींच्या पोटातून फिरत प्रत्येक खोलीच्या जमिनीतल्या जाळीपर्यंत यायची. या जाळीला, म्हणजे व्हेंटला, बोटाएवढी एक दांडी असते. सरकवली की हवा कमी-जास्त होते. इथली बहुतेक माणसं त्या दांडीला जन्मात हात लावत नाहीत. अख्खं घर तापवतात आणि सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसतात. काकूंना ते बघवत नसे. "ज्या खोलीत कोणी नाही तिला ऊब कशाला? खुर्च्यांना थंडी वाजते का?" काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा निखिल टेक्ससमध्ये प्लेनोला. काकू स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि पुस्तकांची खोली एवढ्यातच वावरत. बाकीचं घर त्यांनी झोपवलेलं होतं.

झोपवलेलं हा त्यांचाच शब्द. मिरजेला शिकून त्या फार पूर्वी इकडे आल्या आणि निवृत्त होईपर्यंत ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल देत राहिल्या. त्यामुळे घराकडेही त्या तशाच बघत. एकही व्हेंट त्या कधी पूर्ण बंद करत नसत. नख जाईल एवढी फट ठेवायच्याच. "श्वास चालू राहिला पाहिजे. झोपवणं कोणालाही येतं रे, परत उठवता आलं पाहिजे," असं म्हणून त्या रोज सकाळी चहाच्या आधी राउंड घ्यायच्या. प्रत्येक बंद खोलीत जाऊन भिंतीला तळवा लावायचा, जाळीशी वाकून हवा लागते का बघायचं, बाथरूमचा नळ क्षणभर सोडून पाणी येतं का बघायचं. मग "स्टेबल आहे" असं स्वतःशीच म्हणून पुढची खोली.

मी त्यांचा तळघरातला भाडेकरू. नागपूरहून आलो होतो, आयटीतली नोकरी होती आणि इंजिनियर असल्याचा माज होता. नागपूरचा माणूस थंडीबद्दल एकतर फार बढाया मारतो नाहीतर रजईबाहेर येत नाही. मी रजईत बसून बढाया मारायचो. काकूंनी माझं नाव कधी घेतलंच नाही. पहिल्या दिवसापासून मी "नागपूरकर".

पहिल्याच आठवड्यात मी पकडला गेलो तो दह्यामुळे. काकू विरजण लावून पातेलं स्वयंपाकघरातल्या व्हेंटशेजारी ठेवायच्या. तिथली ऊब त्यांनी दह्याच्या मापाने जुळवलेली होती. मी पाणी प्यायला वर आलो, पायाला गरम झुळूक छान लागली, म्हणून अंगठ्याने ती दांडी जरा जास्त उघडली. सकाळी दही आंबट ढाण आणि पाण्यावर आलेलं. काकूंनी पातेलं नुसतं तिरकं करून बघितलं.

"नागपूरकर, काल व्हेंटला कोणाचा पाय लागला?"

"मांजर असेल, काकू."

"आपल्याकडे मांजर नाही."

मग मी दोन दिवस त्या दह्याची कढी खाल्ली. तक्रार करायला तोंड नव्हतं.

पण माझी हौस काही फिटली नव्हती. मला वाटलं, काकू डॉक्टर असल्या तरी यंत्रांचं आपल्याला जास्त कळतं. तीन खोल्याच वापरायच्या तर बाकीच्यांना फट तरी कशाला? एका शनिवारी काकू महाराष्ट्र मंडळात नाटकाच्या तालमीला गेल्या होत्या. मी घरभर फिरून सगळे व्हेंट घट्ट बंद केले. वर कोठीतल्या जुन्या चादरी त्यांच्यावर पसरल्या, म्हणजे उरलीसुरली गळतीही नको. तासाभरात तळघरातली फर्नेस दम लागल्यासारखी करायला लागली. चालू व्हायची, धाप टाकायची, बंद पडायची. मग एकदा पडली ती पडलीच. काकू आल्या तेव्हा मी टॉर्च दातांत धरून फर्नेससमोर उकिडवा बसलो होतो. अंगात दोन स्वेटर.

काकूंनी डक्टला कान लावला. मग वर गेल्या आणि एक चादर हातात घेऊन परत आल्या.

"हे तू केलंस?"

"काकू, एफिशियन्सी..."

"अरे, हिने सगळ्या घराचा श्वास सोडायचा असतो. तू हिच्या तोंडावर उशी ठेवलीस. तापली आणि जीव वाचवायला स्वतःच बंद पडली बिचारी. तुझ्यापेक्षा शहाणी आहे. भूल देणं आणि गळा दाबणं यात फरक असतो, नागपूरकर."

सगळे व्हेंट पूर्ववत झाल्यावर, ती निवल्यावर, फर्नेस परत सुरू झाली. तेव्हापासून राउंडला मला बरोबर यावं लागे. शिकाऊ डॉक्टर म्हणून. चहा राउंड झाल्यावरच मिळायचा.

खरी लढाई सुरू झाली ती निखिलच्या थर्मोस्टॅटपायी. आईला एकटीला ठेवलंय ही त्याच्या मनाला बोच होती, आणि बोच असलेली इंजिनियर मुलं भेटी पाठवतात. फोनवरून चालणारा थर्मोस्टॅट, म्हणजे घर किती तापवायचं ते फर्नेसला सांगणारी डबी, त्याने कुरियरने पाठवला आणि तो हॉलवेच्या, म्हणजे खोल्यांमधल्या बोळाच्या, भिंतीवर बसवला कोणी? मीच. वर निखिलला त्याच्या फोनवर सगळं दिसेल अशी सोयही मीच करून दिली, आणि "डन, ब्रो!" असा मेसेज टाकला. घरभेदी म्हणून माझी नोंद व्हायला हरकत नाही.

दुसऱ्याच संध्याकाळी फोन. इथले आकडे फॅरनहाइटचे: बासष्ट म्हणजे आपल्याकडचे सतरा, बहात्तर म्हणजे बावीस.

"आई, बासष्ट? सिक्स्टी टू? घरात आहेस की फ्रिजमध्ये?"

"मला चालतं. सगळा जन्म थिएटरच्या गारठ्यात गेलाय माझा."

"मी सेव्हन्टी टू करतोय."

आणि प्लेनोत बसून त्याने केलंसुद्धा. खाली फर्नेस गुरगुरली. काकूंनी भिंतीशी जाऊन परत बासष्ट केलं, तर त्याला ते फोनवर लगेच कळलं. त्याने परत बहात्तर केलं. असं दोन-तीनदा झाल्यावर काकू स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसल्या. इतक्या रागावलेल्या मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"भूल देताना आम्ही नव्या पोरांना एक सांगायचो. मॉनिटर बघू नका, पेशंट बघा. हा तिकडून माझा आकडा बघतोय. मी कशी आहे ते विचारलं का त्याने?"

"काकू, प्रेमाने करतोय तो."

"असू दे. मी कोणाच्या बोटाने गरम होणार नाही."

एवढं म्हणून त्या उठल्या, कपाटातून शेकायची पिशवी काढली, तीत गरम पाणी भरलं, त्यांनीच विणलेलं लोकरीचं अंगडं तिला घातलं आणि थर्मोस्टॅटखालच्या कॅलेंडरच्या खिळ्याला ती लटकवली. थोड्याच वेळात भिंतीवरचा आकडा झपझप चढला. बहात्तर झालं असं समजून फर्नेस मुकाट बंद झाली. घर होतं तसंच बासष्टला. काकूंनी टाळी वाजवली. "मॉनिटर खूश आहे!"

मग तो रोजचा कार्यक्रमच झाला. संध्याकाळी निखिल ऑफिसमधून घरी पोचला की बहात्तर करायचा, आणि चहाचे कप विसळून झाले की काकू पिशवी टांगायच्या. रात्री थर्मोस्टॅट आपोआप खाली यायचा, तेव्हा प्रश्न नसे. एकदा काकूंनी पिशवी भरायचं काम मोठ्या विश्वासाने माझ्यावर सोपवलं. मी उकळतं पाणी भरलं आणि पिशवी अंगड्याशिवायच, थर्मोस्टॅटला अगदी मिठी मारेल अशी अडकवली. दोन मिनिटांत फोन.

"ड्यूड, घरात नाइन्टी फोर दाखवतंय! आग लागली का?"

"नाही नाही, भजी तळतोय."

"हॉलवेमध्ये?"

"कांद्याची," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

"कांद्याची?" त्याने परत विचारलं. मग तो "ओके" म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं, काय थाप मारली! काकूंनी कपाळाला हात लावला, आणि थाप खोटी पडू नये म्हणून त्या दिवशी खरोखरच भजी तळली.

निखिल यायचा असला की मात्र त्या घराची वेगळीच धांदल सुरू व्हायची. त्याच्या खोलीला त्या एकदम जागं करत नसत. आदल्या दिवशी सकाळी व्हेंट पाव उघडायचा, दुपारी अर्धा, संध्याकाळी पूर्ण. "एकदम उठवलं की पेशंट घाबरतो. लाकडं कुरकुरतात, भिंती चिडतात. हळूहळू." तो येईपर्यंत गादी, उशा, त्याच्या शाळेतल्या ट्रॉफ्यासुद्धा कोमट झालेल्या असायच्या.

त्या वर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला तो आला तो ठरवूनच आला होता. जेवण झाल्यावर त्याने विषय काढला. प्लेनोच्या घरात खाली एक छान बेडरूम आहे, वेगळी बाथरूम आहे, हे घर विकून टाकू.

"आई, बी प्रॅक्टिकल. तू तीन रूम्समध्ये राहतेस. बाकी सगळं तूच बंद करून ठेवलंयस. यू हॅव ऑलरेडी लेफ्ट धिस हाउस. हळूहळू."

तोंडात घातलेली चकली मी चावायचा थांबलो. मुद्दा बिनतोड होता. काकूंचंच शस्त्र काकूंवर उलटलं होतं.

काकू शांतपणे ताटं आवरत होत्या. त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "चल." त्याला मनगटाला धरून त्यांनी घरभर फिरवलं. मी चकलीसकट मागे. प्रत्येक गार खोलीत त्यांनी त्याला खाली वाकवून जाळीवर तळवा ठेवायला लावला.

"हवा लागते का?"

"थोडी."

"इथे?"

"हो, थोडी."

"एकही खोली बंद नाही. मी हे घर सोडलेलं नाही, निखिल. मी ते चालवते. कुठली खोली कधी झोपेल आणि कधी उठेल ते या घरात मी ठरवते. तुझ्याकडे आले की मीच एक खोली होईन. पाहुणे आले, सण आला की तुम्ही माझा व्हेंट उघडाल. एरवी फटीपुरता. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही, घर असंच चालतं म्हणून. मला झोपायचं असेल तेव्हा माझी मीच झोपेन."

निखिलने जाळीवरचा हात उचलला. मग त्याने मला बाजूला घेतलं. "तू इथे राहतोस. टेल मी ऑनेस्टली, आईला थंडी नाही ना वाजत?"

"छे छे! रोज बहात्तर असतं," मी ठणकावून सांगितलं. माझ्या अंगात तेव्हा दोन स्वेटर, मफलर आणि कानटोपी होती. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खांद्यावर थोपटलं.

पुढे मला टेक्ससमध्येच, ह्यूस्टनकडे नोकरी मिळाली आणि मी शुगर लँडला घर घेतलं. निघताना काकूंनी डब्यात विरजण दिलं आणि बजावलं, "तिकडे थंडी नाही, गरमी आहे. नियम तोच. फट ठेवायची." मी अर्थातच ठेवली नाही. पहिल्याच उन्हाळ्यात, वापरत नाही त्या खोल्यांचे व्हेंट घट्ट बंद करून एसी लावला, आणि भर जुलैमध्ये एसीच्या आतल्या नळ्यांवर बर्फ जमला. बाहेर अंगाची लाही, आत पाणी टपकतंय. व्हिडिओ कॉलवर मी काकूंना तो बर्फ दाखवला. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "परत उशी ठेवलीस ना तोंडावर? एसी बंद कर, सगळे व्हेंट उघड आणि त्या बर्फाशेजारी बसून विचार कर."

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी निखिलचा फोन आला. काकू पडल्या होत्या. खुब्याचं हाड. त्याने शेजारणीला फोन केला होता, तिच्याकडे किल्ली होती. तिला काकू वरच्या मजल्यावर निखिलच्या खोलीत सापडल्या. विमान पकडून मी पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि काकू तिथल्या तरुण भूलतज्ज्ञाला, त्याने काय काय चांगलं केलं आणि काय नाही, ते समजावून सांगत होत्या. पोरगा बिचारा मान डोलावत होता.

निखिल आणि मी घरी आलो. दोघेही कोट न काढता स्वयंपाकघरापर्यंत गेलो. सवय. कॅलेंडरच्या खिळ्याखाली स्टुलावर शेकायची पिशवी रिकामी पडली होती. मी घाईने ती पाठीमागे लपवली.

"राहू दे, ड्यूड," निखिल म्हणाला. "आय नो."

"काय?"

त्याने फोन काढून मला आलेख दाखवला. रोज संध्याकाळी एक उंचवटा. एकदम सरळ वर, मग सावकाश खाली. उंटाच्या पाठीसारखा. "कुठलं घर असं गरम होतं? फर्नेस बंद आणि टेम्परेचर रॉकेटसारखं वर? मला पहिल्या आठवड्यातच कळलं. आणि तू मला भजी सांगितलीस."

"कांद्याची," मी पुटपुटलो.

"मग मी रोज बहात्तर करायला लागलो. मुद्दाम. फोन केला की ती म्हणणार, मी मस्त आहे. काही झालं असलं तरी तेच म्हणणार. पण हा बंप आला की मला कळायचं, आई उठली, पाणी तापवलं, चालत हॉलवेमध्ये आली आणि मला शिव्या दिल्या. शी इज फाइन." त्याने काकू पडल्या त्या दिवसाची रेघ दाखवली. उंचवटा नव्हता. रेघ सरळ, हळूहळू, अगदी शहाण्यासारखी वर गेली होती. "त्या दिवशी घर माझं ऐकायला लागलं. तेव्हाच मी घाबरलो."

काकू त्याच्या खोलीत गेल्या होत्या, कारण तो शनिवारी येणार होता. व्हेंट उघडायला वाकल्या, दांडी सरकवली आणि उठताना तोल गेला. दुपार आणि संध्याकाळ त्या तिथेच जाळीशेजारी पडून होत्या. पण गारठल्या नाहीत.

हे सगळं निखिलने हॉस्पिटलमध्ये आईला सांगितलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो, आता काय फुटतंय याची वाट बघत. काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही फोडलं. मग त्याच्याकडे.

"म्हणजे तू इतके दिवस आकडा बघून मला बघत होतास?"

"हो."

"हं." त्यांनी पांघरूण सारखं केलं. "त्या दिवशी मी गारठले नाही, कारण व्हेंट मी उघडला होता."

"हीट मी लावली होती, आई. पिशवी नव्हती म्हणून फर्नेस चालू राहिली."

"व्हेंट बंद असता तर तुझी हीट काय करणार होती?"

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. मग त्याने परत प्लेनोचं विचारलं. तेवढा त्याचा हक्क होता. काकूंनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी घरी जाणार आहे. जिना चढणार नाही, हे कबूल. वरच्या खोल्यांची राउंड शेजारीण घेईल, मी तिला शिकवते. आणि तू उद्या पंचाहत्तर करून बघ. बघतेच मी."

त्या खरोखरच घरी गेल्या. वॉकर घेऊन चालायच्या, पण पिशवी स्वतःच टांगायच्या. निखिलने पंचाहत्तर केलं, एकदा चिडवायला ऐंशीही केलं. काकूंनी दोन पिशव्या टांगल्या. संध्याकाळचा तो उंटाच्या पाठीचा फोटो निखिल अधूनमधून मलाही पाठवायचा, वर एक शब्द नाही. मी शुगर लँडमध्ये तो बघून हसायचो आणि माझ्या बंद खोल्यांच्या फटी तपासून यायचो. आता मला फट ठेवता येते.

पुढच्याच उन्हाळ्यात काकू गेल्या, त्यांच्याच खोलीत, दुपारच्या झोपेत. फर्नेस तेव्हा बंद होती. त्यामुळे सामना बरोबरीत सुटला, असं निखिल म्हणतो. मला ते मान्य नाही.

कारण पहिली थंडी पडली तेव्हा त्याचा मला फोन आला. घर अजून विकलेलं नव्हतं. ऑफिसमधून घरी आल्यावर हात आपोआप फोनकडे गेला आणि त्याने रिकाम्या घराचं बहात्तर करून टाकलं.

"मग?"

"चढलं. हळूहळू. सरळ रेघ," तो म्हणाला. "काहीच आडवं आलं नाही, यार. आय हेट इट."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. जरा वेळाने मीच विचारलं, "मग आता किती ठेवलंयस?"

"बासष्ट," निखिल म्हणाला. "आणि सगळ्या खोल्यांना फट."